सत्तेचाळीस नंबरची हजेरी

वायरलेसवर माणूस लपत नाही. समोर बसून शांतपणे खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत. तेच लोक बटण दाबून बोलायला लागले की दोन वाक्यांत उघडे पडतात. बडोद्याच्या नियंत्रण कक्षात मी एकतीस वर्षं काढली आणि त्या काळात एक वही भरली. तिच्यात कुणाचं नाव नाही, हुद्दा नाही. फक्त सेटचा नंबर आणि बोलण्याची तऱ्हा. 'एकोणसाठ : साहेब शेजारी असले की हिंदीत शिरतो.' 'एकशे बारा : आधी खाकरतो, मग आग कुठे लागली ते सांगतो.' 'नवीन माणसं : बटण पुरतं दाबलं जायच्या आधीच बोलायला लागतात, त्यामुळे पहिला शब्द तुटतो.' आणि एका पानावर, 'सत्तेचाळीस : उत्तर देण्याआधी अर्धा श्वास घेतो.'

निवृत्त होऊन दीड वर्ष झाल्यावर मला परत बोलावलं ते या वहीसाठी नव्हे. अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका आणि पुरातल्या बोटी, अशा चारही खात्यांचं मिळून एकच वायरलेसचं जाळं उभं राहत होतं. शहर तर होतंच, शिवाय पादरा, वाघोडिया, सावली, करजण हे आसपासचे तालुके. आजवर प्रत्येकाची यंत्रणा वेगळी होती. आगबंबवाला आणि बोटवाला एकाच पाण्यात शेजारी उभे असले तरी त्यांना एकमेकांचं ऐकू येत नसे. दोघांनी आपापल्या कक्षाला सांगायचं आणि कक्षांनी एकमेकांना फोन करायचा. फोन चालू असला तर.

चार खात्यांना एका जाळ्यात आणणं म्हणजे चार भाडेकरूंना एक नळ देणं. यादीत पहिलं नाव कुणाचं, यावर तीन बैठका झाल्या. चौथीत वर्णानुक्रम लावायचं ठरलं आणि 'अ'वाले अग्निशमनवाले उगाचच छाती काढून घरी गेले. माझं काम होतं ती यादी करण्याचं. कुठला सेट, कुणाच्या हातात, हाक काय मारायची.

आमच्या दोन जुन्या रीती मी हट्टानं नव्या जाळ्यात आणल्या. पहिली, सकाळी आठची हजेरी. कक्षातून एकेक नंबर पुकारायचा. समोरून 'हाजर' आणि आपली जागा. पाण्याचं काम असेल तर पाणी कुठवर आहे तेही. दुसरी रीत 'मोकळा'. कक्षानं एखाद्याला एका जागी थांब म्हटलं, की 'मोकळा' हा शब्द ऐकल्याशिवाय त्यानं ती जागा सोडायची नाही. आणि ज्यानं थांबवलं त्यानंच मोकळं करायचं. दुसऱ्या कुणी केलेलं धरत नाहीत.

ही दुसरी रीत मीच पोरांच्या डोक्यात पक्की बसवली होती. तशी आणखीही एक गोष्ट शिकवत असे, माणसं कशी मोजायची ती. तिच्याकडे येतो.

फेब्रुवारीत चाचणी सुरू झाली. निजामपुऱ्यातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तात्पुरता कक्ष, खाली दाबेलीची गाडी. हवा कोरडी, आणि विश्वामित्री नदी इतकी आटलेली की मगरी काठावर ऊन खात पडलेल्या पुलावरून दिसत. चाचणीच्या चौथ्या आठवड्यात मयंकभाई माझ्या टेबलापाशी आले. ते जाळं उभारणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर, अहमदाबादचे, तिशीतले. खिशाला दोन पेनं लावत आणि लिहायला माझं मागत.

"काका, सेट केटला वांट्या आपणे?"

"दोनशे बारा."

"तो रोज सवारे बसो तेर केम बोले छे?"

त्यांनी कागद पुढे सरकवला. वाटलेले सेट दोनशे बारा, उत्तरं दोनशे तेरा. गेल्या अठरा हजेऱ्यांत, दर वेळी. जास्तीच्या उत्तरापुढे नंबर होता सत्तेचाळीस, आणि टॉवर कारेलीबागचा.

"कोणीतरी नकली सेट बनवला असेल," मयंकभाई हिंदीत म्हणाले. "या नंबरचा सेट आपण कुणाला दिलेलाच नाही. पण तुमच्या यादीत नाव आहे."

नाव होतं. ते मीच ठेवलं होतं.

*

सत्तेचाळीस म्हणजे विहंग. आमच्याकडे नऊ वर्षं होता. पट्टीचा पोहणारा, बोलायला कमी. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात, एका दुपारी, कारेलीबागेतल्या नदीकाठच्या एका सोसायटीत तो सोसायटीच्या पंपरूमच्या गच्चीवर चढून उभा होता. त्याच्याबरोबर तळमजल्यावरची माणसं होती. त्यानं मला सांगितलं, "काका, बारा जण. पाणी घोट्यापर्यंत." मी सांगितलं, "तिथंच थांब. बोट पाठवतो. मी मोकळं केल्याशिवाय हलू नकोस."

बोट दुसऱ्या खात्याची. त्यांच्या कक्षाला माझा फोन एकदा लागला, मग लागलाच नाही. बोट गेली, अकरा जणांना घेऊन आली आणि तिनं आपल्या कक्षाला 'काम पूर्ण' असं कळवलं. बोट भरली होती, दुसरा फेरा करू, असं नावाडी विहंगला सांगून आला होता म्हणे. पण हे त्यांच्या वायरलेसवर होतं, माझ्या नाही. त्यांच्या कक्षात पाळी बदलली आणि दुसरा फेरा राहिला. मी इकडे अकरा उतरल्याचं ऐकून पुढच्या हाकेला लागलो होतो. समोरच्या इमारतीचा जिना पंपरूमपासून तीस हातांवर. विहंग झोपेतसुद्धा तेवढं पोहला असता.

तिसऱ्या दिवशी तो सापडला, समा पुलाच्या पलीकडे. सेट सापडला नाही.

अहवाल मीच लिहिला. बारा माणसं, अकरा वाचली, बारावा विहंग. आकडा बरोबर जुळला होता. माझे आकडे नेहमीच जुळतात, याचा मला अभिमान असे.

नव्या जाळ्याची यादी करताना सत्तेचाळिसाच्या ओळीशी मी थांबलो. खोडायला हात होईना. नंबरापुढे नाव तसंच राहू दिलं आणि सेटच्या रकान्यात रेघ मारली. एका ओळीनं काय बिघडतंय, असं वाटलं.

आता हजेरी कोण घेत असे, ते सांगायला हवं. विहंगची बायको, इरा. नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळाली होती आणि बोलण्यात ती आमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ होती. मराठी, गुजराती, हिंदी, ज्याला जी लागेल ती. गेल्या काही दिवसांत मी एक पाहत होतो. साडेसातलाच येऊन बसायची. केस नीट विंचरलेले. मला म्हणायची, "काका, तुम्ही नऊला या ना आरामात. निवृत्त माणूस तुम्ही, एवढ्या सकाळी कशाला?" मला वाटलं, पोरगी कुणाशी तरी बोलतेय. बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? चौतिशीची होती.

मयंकभाई जेवायला गेल्यावर मी नोंदलेली हजेरी लावून ऐकली. अठरांतली पहिली.

इरा नंबर पुकारत होती. दोनशे बारा झाले. मग जरा थांबून, हळू आवाजात, "सत्तेचाळीस."

अर्धा श्वास.

"सत्तेचाळीस, हाजर. पंपरूमची गच्ची. पाणी घोट्यापर्यंत."

मी कानावरून यंत्र काढलं. खाली दाबेलीवाल्याच्या तव्यावर पाव पडल्याचा चर्र आवाज येत होता. जुना सेट नव्या जाळ्याशी बोलूच शकत नाही. दोघांची भाषाच वेगळी. कारेलीबागचा टॉवर उभा राहून चार महिनेही झाले नव्हते. आणि बॅटरी टिकते बारा तास. हे सगळं मी एका कागदावर लिहून काढलं, खाली रेघ मारली आणि पुढची नोंद लावली.

पोटरीपर्यंत. दोन दिवस पोटरीच. मग गुडघा. मग मांडी. एका दिवशी नुसतंच, "हाजर. पाणी वाढतंय."

आजच्या नोंदीत, "पाणी छातीपर्यंत."

*

इराला मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार, तिची पाळी दुपारी संपायची. मी दोन चहा आणि खारी मागवली आणि तिच्यासमोर बसलो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खारी उचलायची सोडून हात मांडीवर घेतले.

"ऐकलंत ना?"

"हो."

"मयंकभाईंना सांगितलंत?"

"ते नकली सेट शोधतायत. शोधू देत, तेवढाच व्यायाम."

ती हसली नाही. "नाव तुम्हीच ठेवलंत, काका. पहिल्या दिवशी यादी वाचून झाली आणि तोंडून हा नंबर निघून गेला. निघून गेला, एवढंच. आणि तो हाजर म्हणाला."

"आणखी काही बोलतो?"

"नाही. एकदा विचारलं, जेवलास का. एकदा म्हटलं, आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. काही नाही. हजेरीलाच तेवढा बोलतो." तिनं कपाची कड पुसली. "दिवसातून एकदा. मला तेवढं पुरत होतं. घरी जाऊन सगळं करत होते मी. भाजी आणत होते. झोपत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा."

"आणि पाणी?"

"सुरुवातीला लक्ष दिलं नाही. आवाज ऐकायचे, शब्द नाही." तिनं कप बाजूला सारला. "काल छातीपर्यंत होतं. आज सकाळी खांद्यापर्यंत. मी त्याला म्हटलं, मोकळा. तीनदा म्हटलं. ऐकत नाही माझं."

"ऐकणार नाही."

"माहितीय. तुम्ही थांबवलंत त्याला." हे ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. "मीच तुम्हाला नऊला या म्हणत होते. आठला आलात तर सोडाल त्याला, म्हणून. आता म्हणते, या. सोमवारी आठला या. तो पुन्हा बुडताना नाही ऐकायचं मला, काका."

"उद्याच का नको?"

"उद्या रविवार. हजेरी नसते." मग ती म्हणाली, "उद्याच्या दिवसात किती वाढेल हो?"

याचा अंदाज करणं माझंच काम होतं एकेकाळी. 

*

सोमवारी मी सव्वासातला पोचलो. इरा आधीच आली होती. केस नुसतेच बांधलेले. मयंकभाई छाणीच्या टॉवरवर गेले होते. कक्षात आम्ही दोघंच.

हजेरी तिनंच घेतली. आवाज कुठेही हलला नाही. दोनशे बारावा, सावलीचा रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, 'हाजर' म्हणून वर 'जय श्रीकृष्ण' म्हणाला. इरानं त्यालाही 'जय श्रीकृष्ण' म्हटलं. मग माईक माझ्याकडे सरकवला.

एकतीस वर्षांत माझा अंगठा त्या बटणावर कधी घसरला नव्हता. त्या दिवशी घसरला. मी पँटला पुसला.

"सत्तेचाळीस."

काही नाही.

"सत्तेचाळीस."

अर्धा श्वास. पण अर्ध्यापेक्षा कमीच.

"हाजर. पंपरूमची गच्ची. पाणी हनुवटीला लागतंय."

"विहंग, गोविंदकाका बोलतोय."

पाण्याचा आवाज आला. नळाचा नव्हे, नदीचाही नव्हे. पुराचं पाणी भिंतीला घासून जातं, तो.

"बोला, काका."

इरानं तोंडावर हात धरला. इतक्या दिवसांत त्यानं हजेरीशिवाय पहिला शब्द उच्चारला होता.

"बोट येणार नाही. चूक माझी. तू नीघ. सत्तेचाळीस, मोकळा."

 मी बटण सोडून वाट पाहिली. भिंतीवरचं घड्याळ आठ बावीस दाखवत होतं.

"काका, बारा सांगितले होते मी. अकराच गेले."

"बारावा तूच ना रे?"

"मी स्वतःला कशाला मोजीन?" आवाजात जरासं आश्चर्य होतं, मागे एकदा मी चुकीचा रस्ता सांगितला होता, तेव्हा होतं तसंच. "आपल्याला सोडून मोजायचं. तुम्हीच शिकवलंत."

मीच शिकवलं होतं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी. जो सोडवायला गेलाय तो मोजणीत नाही. दर वेळी फळ्यावर लिहीत असे.

"कोण आहे तिथं?"

"मंगीबेन. इथला पंप सुरू करायची. पंपरूममध्येच राहायची. बोटीत बसायला घाबरली, म्हणाली पुढच्या फेऱ्यात. पोहता येत नाही हिला." थोडं थांबून, "माझा खांदा धरून उभी आहे."

तीस हातांवरचा जिना. दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की माझ्या एका शब्दासाठी तो पोरगा उभा राहिला.

मी इराकडे पाहिलं. तिनं सगळं ऐकलं होतं.  नुसती माझ्याकडे पाहत राहिली. डोळ्यांत एकच मागणं होतं, आणि ते मंगीबेनसाठी नव्हतं.

मी बटण दाबलं.

"सत्तेचाळीस. हा हुकूम आहे. मोकळा."

पाणी घासत होतं.

"बरं, काका."

इरा माईकवर वाकली. "विहंग."

"इरा?"

तिच्या तोंडून पुढे काही आलं नाही. इतके दिवस जपून ठेवलेलं सगळं, एकही शब्द नाही.

"पाणी गार आहे गं," तो म्हणाला. मग मला, "काका, मी निघतो. सेट मंगीबेनकडे देतो. बटण कसं दाबायचं ते दाखवलंय तिला."

पुढे नुसती खरखर.

*

त्या दुपारी रिक्षा करून मी कारेलीबागेत गेलो. पंपरूमला नवा रंग होता; पाण्याची जुनी रेघ त्याच्याखालून तरीही दिसत होती. सोसायटीचे सेक्रेटरी भला माणूस. आग्रहानं मला पाणी दिलं, खुर्ची दिली.

"मंगी? ए तो गाम जती रही," ते म्हणाले. "दाहोद बाजूची होती. पूर आला आणि कंटाळून गावी गेली असणार. पगार घ्यायलाही आली नाही बघा. ही माणसं अशीच, सांगून जात नाहीत."

"कुणी विचारत आलं नाही?"

"कोण येणार?"

पंपरूम त्यांनी उघडून दाखवली. नवीन मोटर, नवीन माणसाची खाट. कोपऱ्यात मोटरीच्या मागे कडी नसलेला एक डबा होता. आतल्या चिखलाची ढेपळं झाली होती. खाटेवरचा माणूस म्हणाला, माझा नाही, आधीच्या बाईचा असेल.

घरी येऊन मी वही काढली. सत्तेचाळिसाच्या पानावर शेवटी लिहिलं, 'मोकळा. सोमवार, आठ पंचवीस.' मग मूळ यादी घेतली आणि ती ओळ खोडली. या वेळी हात थांबला नाही.

मंगळवारी इरा आठला पाच मिनिटं असताना आली. डोळे सुजलेले, पण चेहरा सैल. "झोप लागली काका," म्हणाली. "रडून का होईना." मी दोन चहा सांगितले.

तिनं हजेरी घेतली. यादीत होते तेवढेच नंबर. दोनशे बारावा 'जय श्रीकृष्ण' म्हणाला. तिनं माईक बंद करून बाजूला ठेवला आणि कप उचलला. सत्तेचाळीस तिनं पुकारला नाही, मी पुकारला नाही.

समोरच्या पडद्यावर एक ओळ पेटली. सत्तेचाळीस. कारेलीबाग.

इराचा कप तसाच हातात राहिला.

माझ्या डोक्यात एकच विचार होता. इतक्या वर्षांत मी कुणालाही मोकळं करू शकलो, कारण थांबवलेलंही मीच असे. मंगीबेनला थांब असं कुणीच सांगितलं नव्हतं.

बाईमाणसाचा म्हातारा आवाज. बटणाची सवय नसलेला. पहिला शब्द तुटला.

"…छे के, बेन?" कुणी आहे का, असं विचारत असावी.

मग, शिकवल्याप्रमाणे, जरा थांबून, सावकाश:

"हाजर. पाणी घूंटी सुधी."

घोट्यापर्यंत.